‘हं’ पोचवणारे इयरबड्स

लहानपणी घरात माझी ख्याती होती, की हिच्या कानात काही टिकत नाही. तेव्हा ती सांगितलेल्या कामांबद्दल होती. पन्नाशी ओलांडल्यावर ती शब्दशः खरी झाली. हौसेनं घेतलेले पहिले इयरबड्स कानात घालून मी कर्जतच्या घरून सकाळी फिरायला निघाले आणि कोंडाणे गावच्या रस्त्याला लागेपर्यंत डावा बड दोनदा पडला. एकदा रस्त्यावर, एकदा शेणात. तो धुऊन, पुसून परत कानात घालणारी बाई त्या रस्त्यानं पहिल्यांदाच पाहिली असेल.

त्याआधी माझ्याकडे वायरचे इयरफोन होते. वायर ओढणीत अडकायची, पर्सच्या चेनमध्ये अडकायची, स्कूटीच्या आरशाला गुंडाळायची. पण बिचारे निष्ठावान होते. शेवटी एक दिवस मी स्कूटीवरून उतरले आणि ते उतरले नाहीत, तेव्हा एका कानाची वायर नरड्याशी तुटली. ऑफिसातल्या सगळ्यांनी एका सुरात सांगितलं की आता बिनवायरचे घ्या, मॅडम, जमाना कुठे गेला.

ऑफिस म्हणजे खालापूरच्या बाजूचा एक कारखाना. तिथून निघालेला माल कुठे पोचला, टेंपो कुठे अडकला, हे बघणं माझं काम. दिवसभर टेंपोवाल्यांशी फोन. मागे गोडाऊनमध्ये लोखंडी पट्ट्या आपटत असतात, फोर्कलिफ्ट ओरडत असते, आणि त्या गोंगाटात मी ‘दादा, तुम्ही नक्की कुठे आहात’ हे एकच वाक्य वेगवेगळ्या पट्टीत म्हणत असते. शिवाय डॉक्टरांनी साखरेसाठी सकाळचं चालणं लावून दिलंय. आणि चालताना ताईचा फोन.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आई शेतावर असायची, त्यामुळे माझी वेणी, माझी शाळा, माझे रुसवे-फुगवे, सगळं ताईच्याच वाट्याला आलं. तिचं लग्नही गावातच, पोशीरला झालं. त्यामुळे ती लांब गेली असं मला कधी वाटलंच नव्हतं. सुटीच्या दिवशी कर्जतहून स्कूटी काढली की जेवणाच्या वेळेला मी तिच्याकडे पानावर. दाजी गेल्यावर काही वर्षं ती एकटी राहिली. मग गेल्या वर्षी तिचा मुलगा आला आणि तिला कॅनडाला घेऊन गेला. मुलगा चांगलाच आहे, त्याला नावं ठेवायला जागा नाही, आणि म्हणूनच मला कुणावर चिडताही आलं नाही.

मी सकाळी चालायला निघते तेव्हा तिच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ सरलेली असते. जेवणं आटोपून ती तिच्या खोलीत जाते, आडवी होते, फोन उशीवर कानाशी ठेवते आणि बोलायला लागते. दिवसभर मुलगा आणि सून कामावर. नातवाचं मराठी ‘आजी, खाऊ’ यापुढे गेलेलं नाही. म्हणजे दिवसभरात ती पोटभर बोलते ते एवढंच. मी चालते, ती सांगते, आणि मी हं म्हणते.

हे हं समजावून सांगायला हवं. आमच्या घरात गोष्ट ऐकताना हुंकार द्यावा लागे. तसा तो सगळीकडेच देतात, पण ताईचा कायदा कडक होता. वाक्य संपलं की हं आलंच पाहिजे. मोठ्यानं नाही, घशातल्या घशात. हं आलं की गोष्ट पुढे सरकणार, नाही आलं की तिथेच थांबणार. ‘ऐकतीस का’ असं ती विचारायची नाही, कारण हुंकार मागून घ्यायचा नसतो, असं तिचं म्हणणं. हं थांबलं याचे तिच्या लेखी दोनच अर्थ होते. एक, मी झोपले. मग ती गोष्ट तिथेच सोडून माझ्या अंगावर गोधडी ओढायची. दुसरा, मी रुसले. मग ती गोष्टीतल्या सगळ्यात रंगतदार जागी येऊन गप्प बसायची, पार छताकडे बघत. मी कितीही रुसलेली असले तरी शेवटी माझ्याच घशातून हं निघायचं आणि भांडण मिटायचं. आमच्यात एकमेकींची माफी मागायची पद्धतच नव्हती, हं म्हटलं की झालं.

तर शेणातल्या प्रसंगानंतर मी पहिली जोडी घेऊन बाजारपेठेतल्या दुकानात गेले. दुकानदार माझ्याच वयाचा, केस कुळकुळीत काळे केलेला, बोलण्यात पटाईत. त्यानं माझ्या कानाकडे असं पाहिलं की मी आधी ओढणी सारखी केली. म्हणाला, “ताई, तुमचे कान छोटे आहेत. तुम्हाला रबराचं टोक बारीक लागणार.” मग त्यानं काऊंटरवर डब्या मांडल्या. नुसते कानात टेकणारे, आत घट्ट बसणारे, कानावर आकडा अडकवणारे. हे घामाला चालतात, हे तोंडाजवळ न आणताही बोलणं उचलतात, ह्यांची बॅटरी दिवसभर जाते. शेवटी त्यानं एक काळी डबी उघडली, देवाचा टाक दाखवावा तशी. म्हणाला, “हे घ्या. मागचा सगळा कचरा साफ करतं. समोरच्याला फक्त तुमचा आवाज.”

मी ते घेतले, आणि खोटं कशाला बोलू, ते अप्रतिम होते. कानात असे बसले की मान हलवली, वाकले, चढावर दमले, तरी जागचे हलले नाहीत. कारखान्यात तर चमत्कारच झाला. एक टेंपोवाला म्हणाला, “मॅडम, आज सुट्टी हाय का? घरनं बोलताय वाटतं.” त्याच वेळी माझ्या पाठीमागे पट्ट्यांचा गठ्ठा आदळत होता. मी दिवसभर लोकांना डबी दाखवत फिरले. नवीन मंगळसूत्रसुद्धा मी कधी एवढं मिरवलं नव्हतं.

त्याच आठवड्यात ताईचं काहीतरी बिनसलं.

ती मला गोधडीची गोष्ट सांगत होती. ही आमच्या घरची खरी घडलेली गोष्ट, आणि मी ती इतक्यांदा ऐकली आहे की मला स्वतःला सांगता येईल. एका श्रावणात आईनं लाल काठाची गोधडी नदीवर धुवायला नेली आणि पाण्यानं ती हातातून ओढून नेली. आई रडायला लागली, कारण त्यात तिच्या आईच्या लुगड्याचा पदर शिवलेला होता. तेव्हा ताई, शाळेतली पोरगी, काठाकाठानं त्या गोधडीमागे चालत सुटली. बांधावरनं, चिखलातनं, दुसऱ्याच्या भाताच्या आवणातनं, शिव्या खात. मग नदीचं वळण येतं, आणि त्या वळणावर करंजाच्या खाली वाकलेल्या फांदीला गोधडी अडकलेली दिसते. ताईच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम तो. पराक्रमाला शोभेल अशीच ती तो सांगते.

त्या सकाळी ती म्हणाली, “आन मग मी वळणाशी आले.”

आणि थांबली.

मी चालत होते, वाट बघत होते. काही नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, “हायस का गं?” मी म्हटलं, “आहे ना, सांग की.” तर म्हणाली, “जाऊ दे, सांगेन परत.” दुसऱ्या दिवशी तिनं परत सुरुवात केली, आणि परत वळणाशी येऊन अडली. इतर बोलण्यातही तेच. सुनेनं भाकरी केली त्याचं काहीतरी सांगता सांगता अर्ध्यात तोंड मिटायचं. दोन वाक्यं, आणि मग मोकळी जागा. पुढे पुढे तिनं ‘हायस का’ विचारणंही सोडलं. “बरं, ठेवते,” म्हणायची. माझा चढ संपायच्या आत फोन बंद झालेला असायचा.

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, ताईला विसर पडायला लागलाय. गोधडीच्या गोष्टीत वळणानंतरचं ज्या बाईला आठवत नाही, तिला उद्या मी आठवीन का? कोंडाण्याच्या रस्त्यावर एक पुलाचा कठडा आहे, त्याच्यावर बसून मी एकदा चांगली रडले. समोरून दुधाची मोटरसायकल आली, दूधवाल्यानं वेग कमी करून विचारलं, “काय झालं, काकी? पडला का?” मी कान चाचपून म्हटलं, “नाही, नाही, दोन्ही आहेत.” तो माझ्याबद्दल विचारत होता हे नंतर लक्षात आलं.

मग मी मूर्खपणा केला. तिला मदत करावी म्हणून पुढच्या वेळी ती वळणाशी अडल्याबरोबर मी मोठ्यानं म्हटलं, “करंजावर अडकली होती ना, ताई! करंजाच्या फांदीला!” ऐकणाऱ्यानं गोष्टीच्या पुढे पळणं हा तर तिच्या कायद्यात सगळ्यात मोठा गुन्हा. तिकडून थंड आवाज आला, “तुला माहीत हाय तर मी कशाला सांगू?” आणि फोन बंद.

सुटीच्या दिवशी मी भाच्याला फोन लावला. आडवळणानं विचारलं, आई विसरते का, गॅस चालू राहतो का, औषधं दोनदा घेते का. तो गोंधळला. म्हणाला, “मावशी, तिला सगळं आठवतं. मी सहावीत कुणाच्या आवारातनं कैऱ्या पाडल्या ते परवा माझ्या बायकोसमोर सांगत होती. पण एक आहे, ती जरा गप्प असते हल्ली. तुझ्यावर नाराज आहे.”

“माझ्यावर? मी काय केलं?”

तो हसायला लागला. “ती म्हणते, ‘ती आता हं करत नाय रे. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. दमली असंल ती माझ्या बोलण्याला.’”

तो हसला, मला हसू आलं नाही. मी हं करत नाही? मी तर सबंध रस्ताभर हं हं करत चालते! समोरून येणारी माणसं मला म्हैस समजत असतील इतकी हं करते. मग ते सगळं हं जात कुठे होतं?

संध्याकाळी कारखान्यातून सुटल्यावर सरळ दुकान गाठलं. डबी काऊंटरवर ठेवली. दुकानदार म्हणाला, “काय ताई, पडतायत का?”

“पडत नाहीत. माझं हं खातात.”

“काय खातात?”

मी त्याला म्हटलं, तुमचा फोन घेऊन रस्त्याच्या पलीकडे त्या रसवंतीपाशी जाऊन उभे राहा, मी इथून फोन करते. तो गेला बिचारा. मी फोन लावला. त्यानं तिकडून सुरू केलं, “हॅलो, हॅलो, एकदम क्लिअर आहे, ताई!” मी म्हटलं, “हॅलो सोडा. तुम्ही मला काहीतरी गोष्ट सांगा.” रस्त्याच्या पलीकडे तो डोकं खाजवताना दिसला. मग त्यानं सकाळी नळाला पाणी कसं आलं नाही ते सांगायला घेतलं. त्याच्या प्रत्येक वाक्याला मी मनापासून हं दिलं. तिसऱ्या वाक्याला तो थांबला. “ताई, आहात ना?” दोन वाक्यं आणखी, आणि परत, “ताई? कट झाला काय?” शेवटी त्यानं फोन कानापासून काढून त्याच्याकडे पाहिलं, मग वैतागून माझ्याकडे पाहिलं. मी काचेआडून मान डोलवत हं हं करत होते.

तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा जरा उतरला होता. म्हणाला, “बरोबर आहे तुमचं. बारीक आवाज असतो ना, त्याला मशीन कचरा समजतं. पंख्याची घरघर समजून साफ करतं.”

मला इतका राग आला. “तुमच्या मशीनला सांगा, माझी बहीण त्या कचऱ्यावर जगतेय तिकडे,” मी म्हटलं. मग त्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला, स्टूल दिलं, आणि एकेक डबी काढायला लागला.

मग आमची गंमतच सुरू झाली. तो रसवंतीपाशी, मी दुकानात. कानात टेकणारे घातले, हं. आकडेवाले घातले, हं. महागातले महाग घातले, हं. पलीकडून तो हात हलवायचा, नाही, नाही. दुकानात एक बाई कव्हर घ्यायला आली होती, ती माझ्याकडे बघत हळूच दाराकडे सरकली. इयरबड्स कसे निवडावे यावर लोक काय काय सांगतात, बास बघा, बॅटरी बघा, पाण्यात चालतात का बघा. बहिणीला हं ऐकू जातं का बघा, हे कुणीच सांगत नाही.

शेवटी त्यानं सगळ्यात खालचा खण उघडला आणि उन्हानं फिका पडलेला एक खोका काढला. म्हणाला, “हे घेऊ नका असंच सांगतो मी लोकांना. ह्याच्यात काहीच गाळलं जात नाही. गिऱ्हाईक घेऊन जातं आणि परत आणून देतं, मागचं सगळं ऐकू येतं म्हणून.” त्यानं परत रस्ता ओलांडला. गोष्टीतलं नळाचं पाणी अजून आलं नव्हतं. मी हं म्हटलं. तिकडे तो एकदम ताठ झाला. दुसरं हं दिलं. त्यानं दोन्ही हात वर केले, आणि रसवंतीच्या चरकाच्या घुंगरांवरून ओरडला, “आलं! आलं, ताई! हं आलं!”

काळे बड्स मी ठेवलेच, टेंपोवाल्यांसाठी. पर्समध्ये आता दोन डब्या असतात. हे नवे, म्हणजे जुनेच, फक्त सकाळसाठी.

दुसऱ्या दिवशी ताईनं फोन उचलला आणि कोरडं कोरडं सुरू केलं. जेवलीस का, काम कसं हाय, गुडघा काय म्हणतो. मी म्हटलं, “ताई, गोधडीचं अर्धं राहिलंय.”

“तुला माहीत हाय ते.”

“मला काही माहीत नाही. तू वळणाशी आलीस, तिथपर्यंतच ऐकलंय.”

मी वाट बघितली. मग तिनं नाराजीनंच सुरू केलं, “वळणाशी आले, तर पाणी इथपर्यंत लागलेलं.”

“हं.”

मग तिचा श्वास मोठा झालेला मला ऐकू आला. “आन तो करंज हाय ना, वाकलेला…”

“हं.”

“त्याच्या फांदीला गं!” ती एकदम ओरडलीच, “लाल काठ! मला लांबनं दिसला!” आणि मग तिला थांबवायला कोण होतं. गोधडी संपली, मग गोधडी वाळली, मग आईनं तिला काय खायला केलं, मग दाजींच्या मावशीचं लग्न. मध्येच म्हणाली, “अगं, तुझ्या मागं कोंबडा आरवतो. कुणाचा?” मी म्हटलं, रस्त्यालगतच्या घराचा. “नि ते पाणी?” मी म्हटलं, “नदीचं. मी पुलावर आहे.” मग तीच हं म्हणाली.

फोन ठेवल्यावर मला वाटायला हवं होतं की सगळं सुरळीत झालं. पण उलटच झालं. इतके दिवस बिघडलेल्या वस्तूच्या मागे लागले होते. ती वस्तू सापडली, आणि मग ध्यानात आलं की मला ती नकोच होती. मला ताई हवी होती. कानात नको, शेजारी. तिच्या हातची करपलेली भाकरी, तिचा खोबरेल तेलाचा वास, तिचं ते माझ्या वेणीला हिसका देणं. पोशीरचं तिचं घर बंद आहे, किल्ली माझ्याकडे आहे. सुटीच्या दिवशी मी अजूनही स्कूटी काढते आणि जाऊन तिच्या तुळशीला पाणी घालून येते. जेवायला मात्र परत कर्जतला यावं लागतं.

परवा सकाळी ती म्हणाली, “आज तू सांग. मी दमले गं.”

असं कधी झालं नव्हतं. सांगणार ती, ऐकणार मी, हे ठरलेलंच. मी म्हटलं, “मला कुठे येतं?”

“गोधडीचं सांग.”

म्हणून मी चालता चालता तिचाच पराक्रम तिला सांगायला लागले. आईच्या हातून गोधडी कशी सुटली. “हं.” आई कशी रडली. “हं.” ताई बांधावरनं कशी पळत सुटली, आवणात कशी रुतली, कुणी कशा शिव्या दिल्या. “हं,” आणि थोडं हसू. तिचं हं किती दमदार आहे ते मला त्या दिवशी कळलं. आयुष्यभर मीच देत आले होते, घेतलं कधी नव्हतं. हं आलं की पाय आपोआप पुढे पडत होते. मग ते जरा उशिरा यायला लागलं. मग बारीक झालं.

मी म्हटलं, “आणि मग ताई वळणाशी आली.”

हं आलं नाही.

मीही रस्त्यात थांबले. ती रुसलेली नव्हती, रुसायला काही झालंच नव्हतं. म्हणजे दुसरा अर्थ. नीट कान दिला तर उशीवरच्या फोनातून तिचा श्वास ऐकू येत होता, लांब, सावकाश, मध्येच शीळ घातल्यासारखा. आमच्या कायद्याप्रमाणे आता गोष्ट सोडायची होती आणि अंगावर गोधडी ओढायची होती. माझे दोन्ही हात मोकळे होते, कारण बिनवायरचं सगळं हात मोकळे राहावेत म्हणूनच असतं. मी ते मोकळे हात घेऊन कोंडाण्याच्या रस्त्यावर उभी राहिले.

तिकडे बर्फ पडतो म्हणे. मी अगदी हळू आवाजात म्हटलं, “ताई, पांघरूण घे गं अंगावर.”

बराच वेळ नुसता श्वास. मग काहीतरी सरकल्याचा, कापडाचा आवाज झाला, आणि झोपेतूनच ती म्हणाली, “हं.”